चिरण्याच्या फळीची निवड आणि अन्नसुरक्षा
जयपूरच्या बाजारात शिसम व आंब्याचे लाकूड, संगमरवर आणि प्लास्टिक यांच्या फळ्या मिळतात. संगमरवरावर सुरी बोथट होते. लिंबू-टोमॅटोच्या आम्लाने त्याची झिलई जाते. प्लास्टिक धुण्यास सोपे. मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठातील डीन क्लिव्हर यांच्या प्रयोगांत, सुरीचे चरे पडलेली प्लास्टिकची फळी हाताने निर्जंतुक करणे लाकडी फळीपेक्षा अवघड ठरले. म्हणून दाट पोताचे, भेगविरहित लाकूड निवडावे.

कच्च्या कोंबडीतील साल्मोनेला जिवाणू फळीवरून कोशिंबिरीत जाऊ शकतात. कोशिंबीर शिजत नसल्याने ते जिवंत राहतात. यास्तव मांस व भाजीसाठी स्वतंत्र फळ्या ठेवाव्यात. फळी साबण व गरम पाण्याने धुऊन उभी वाळवावी. खोल चरे पडताच बदलावी.