लेकीचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर

१. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या तपासण्यांना लॅबमध्ये माझाच नंबर दिलेला. सासूबाईंची साखर, ह्यांचं कोलेस्टेरॉल, सगळं मलाच कळतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या, तेविशीतल्या लेकीने एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (म्हणजे सिफिलिसची तपासणी) करून घेतली, हेही असंच लॅबच्या मेसेजमधून कळलं. लिंक न उघडता तिला पुढे पाठवली. मूल अठराचं झालं की लॅबमधला नंबर बदलून घ्यायला सांगा. २०१७ च्या कायद्यानुसार एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि काही अपवाद सोडले तर निकाल दुसऱ्या कुणाला सांगताही येत नाही. त्या दुसऱ्यांत सज्ञान मुलीची आईही आली. पचायला जड आहे, पण आली.

२. ‘कोण आहे तो?’ हा प्रश्न ओठांवर येतोच. तो गिळावा. माझ्या जुन्या फाइलमध्ये व्हीडीआरएलचा कागद आहे, ही पोटात असतानाचा. गरोदर बाईच्या एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपटायटिस बी या तपासण्या आजही नेमाने होतात. तेव्हा घरात कुणाच्या भुवया उंचावल्या नव्हत्या. गळ्यात मंगळसूत्र होतं ना! रक्त तेच, सुई तीच.

३. “निगेटिव्ह आहे,” लेक म्हणाली, आणि मी देवापुढे साखर ठेवायला उठले. “थांब, परत एकदा करायचीय.” मग तिनेच समजावलं. संसर्ग झाल्यावर तो तपासणीत दिसेपर्यंत काही काळ जातो, त्याला विंडो पीरियड म्हणतात. लॅबमधल्या नव्या पद्धतीच्या एचआयव्ही तपासणीला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात, फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या रॅपिड किटला ९० पर्यंत. म्हणून नुसता निकाल विचारू नये, संबंधानंतर किती दिवसांनी रक्त दिलं हेही पाहावं लागतं. ते आईला सांगायचं नसेल तर डॉक्टरांना तरी सांगावं. आणि धोका नुकताच घडला असेल, तर विंडो पीरियड संपायची वाट बघत बसायचं नाही. ७२ तासांच्या आत पीईपीची, म्हणजे संसर्ग रोखणारी, औषधं सुरू करता येतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. ही माहिती मला पन्नाशीत मिळाली. कॉलेजात मिळायला हवी.

४. ‘सगळ्या टेस्ट केल्या’ यावर समाधान मानू नका. कुठल्या केल्या? क्लॅमिडिया एचआयव्ही-व्हीडीआरएलमध्ये दिसत नाही, त्याला लघवीची किंवा स्वॅबची वेगळी तपासणी लागते. बऱ्याच मुलींना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही, आणि आत गर्भनलिकांना इजा होऊ शकते. सापडला तर अँटिबायोटिकने बरा होतो. सिफिलिसही बरा होतो. आपल्या पिढीच्या डोक्यात मात्र या सगळ्यांचा शेवट एकच, भिंतीवरच्या एड्सच्या पोस्टरमधला.

५. ओळखीच्या डॉक्टरांकडे ओढून नेऊ नका. त्यांचा कंपाउंडर आपल्याच भिशीतल्या कुणाचा तरी भाचा निघतो. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. बाकीच्या लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

६. राहिली एचपीव्ही या संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूवरची लस. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली. पंधरा वर्षांच्या आत दोन डोस, त्यानंतर तीन. संबंध सुरू होण्याआधी घेतलेली उत्तम, पण नंतरही उपयोग आहे. लेक घेणार आहे. ही लस मुलग्यांनाही देतात, हे कळल्यावर मी इंजिनिअरिंगला असलेल्या धाकट्याचा विषय काढला. ह्यांनी पेपर खाली ठेवला. “त्याला कशाला?” लेकीसाठी मात्र ‘लगेच घे’ म्हणाले होते. आमचा वाद अजून चालू आहे.