लहान टॅब घेताना

चि. सोनूस,

लोकलमध्ये एका हातात धरता येईल असाच टॅब हवा, हे तुझं म्हणणं पटलं. पण ‘एवढ्याशा पडद्याला रिझोल्यूशन कशाला बघायचं’ हे दुकानदाराचं मत मला मान्य नाही. सिनेमा बघणाऱ्याचं कमी रिझोल्यूशनवर भागेल. तू मात्र एमपीएससीसाठी बालभारतीच्या पीडीएफ वाचणार आहेस.

पीडीएफमध्ये अक्षर मोठं केलं की पानही मोठं होतं, ओळी पडद्याबाहेर जातात. म्हणून पूर्ण पान पडद्यावर बसवल्यावर काय होतं ते बघ. तू सांगितलेला गॅलेक्सी टॅब ए९ ८.७ इंची, १३४० बाय ८०० ठिपक्यांचा (पिक्सेलचा). उभा धरलास की ए४ पानाच्या रुंदीला ८०० ठिपके. म्हणजे १२ पॉइंटाच्या ओळीला उंचीत जेमतेम १६ ठिपके मिळतात, आणि तेवढ्यातच वरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार बसवायचा! इंग्रजी अक्षर एवढ्यात निभावून नेतं. आपल्या ‘द्य’ आणि ‘घ’मधला फरक इथेच पुसट होतो. मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली, म्हणून हे कळकळीने सांगतो.

८.३ इंची आयपॅड मिनीत त्याच रुंदीला १४८८ ठिपके असतात, म्हणजे ओळीला ३०. अक्षराचा आकार तेवढाच बारीक राहतो, पण कडा स्वच्छ दिसतात. पहिल्या मिनीत, २०१२ साली, रुंदीला ७६८ ठिपके होते. पुढच्याच वर्षी ॲपलने पडद्याचा आकार तोच ठेवून ते दुप्पट केले.

मिनी महाग आहे, ठाऊक आहे. मग ११ इंची टॅब ए९ प्लस बघ. १९२० बाय १२००, ओळीला २४ ठिपके, अक्षरही थोरलं. हाताला जड वाटेल. ए९च घ्यायचा ठरला तर तो आडवा धरून वाच. अर्धं पानसुद्धा दिसणार नाही, पण अक्षर सुटं दिसेल. ई-पबमधली पुस्तकं वाचायची असतील तर एवढी काळजी नको, तिथे अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात.

दुकानात जाशील तेव्हा त्यांचा झगमगीत व्हिडिओ बघू नकोस. इतिहासाच्या पुस्तकातलं नकाशाचं पान उघडायला लाव आणि नेहमीच्या अंतरावरून गावांची नावं वाचून बघ. पैसे कमी पडले तर कळव, संकोच करू नकोस.

तुझा मामा