चक्र कोणाचे?

गेल्या रथोत्सवाच्या सायंकाळी रथ देवळासमोर येऊन स्थिरावला. दोरखंड गुंडाळण्याच्या कामी लागलेल्या मुलांपैकी एकाने आम्हांस विचारले, "आपल्या झेंड्यावरचे चक्र देवाच्या हातातलेच ना?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच दुसरा म्हणाला, "छे! ते बुद्धाचे. आमच्या पुस्तकात तसेच दिले आहे." दोघेही आपापल्या म्हणण्यास चिकटून बसले, आणि पाहता पाहता 'आपले' व 'त्यांचे' अशी भाषा सुरू झाली. पुजाऱ्याच्या घरी जन्मून, रोज शंखचक्राची पूजा पाहूनही आम्हांस त्या वेळी नीटसे उत्तर देता आले नाही, ही गोष्ट मनास लागून राहिली. त्यानंतर वडिलांपाशी बसून व ग्रंथ चाळून जे थोडेबहुत समजले, ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम चाकाचाच विचार करू. धर्माचे चिन्ह होण्यापूर्वी चाक हे माणसाच्या नित्य उपयोगाची वस्तू होते. सिंधुसंस्कृतीच्या नगरांत मातीच्या खेळण्यातल्या गाड्या सापडल्या आहेत. महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली बैलांची जोडी जुंपलेला ताम्रयुगीन रथ मिळाला. त्यात एक मनुष्य उभा आहे. कुंभाराचे चाक, गाडीचे चाक, मोटेचे चाक यांवर ज्या समाजाचा प्रपंच चालला, त्याने परमार्थाची गोष्ट सांगतानाही चाकाचाच दृष्टांत घ्यावा, यात नवल ते काय?

वैदिक ऋषींनी चाकात काळ पाहिला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात दीर्घतमा ऋषीने बारा आऱ्यांचे, कधीही न झिजणारे चक्र वर्णिले आहे, आणि त्यात ३६० खुंट्या बसविल्या आहेत असे म्हटले आहे. बारा आरे म्हणजे बारा महिने व खुंट्या म्हणजे वर्षाचे दिवस, हे उघड आहे. उपनिषदांनी दृष्टी आणखी आत नेली. आरे जसे तुंब्यात बसलेले असतात, तसे सारे काही प्राणात व आत्म्यात बसलेले आहे, असे त्यांनी सांगितले. तुंबा ढिला झाला, तर आरे कितीही मजबूत असोत, चाक टिकत नाही. हे गाडीवानास निराळे सांगावे लागत नाही. पुढे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे, म्हणजे परस्परांसाठी करावयाच्या कर्माचे, चक्र आले. त्या चक्रास हात न लावता केवळ आपल्या सुखात रमणाऱ्याचे जीवन तेथे व्यर्थ ठरविले आहे.

काळाच्या चक्राबरोबर सत्तेचेही चक्र आले. ज्याच्या रथाची चाके कोठेही न अडता पृथ्वीवर फिरतात तो चक्रवर्ती, अशी कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. मात्र आम्हांस विशेष वाटले ते निराळेच. हे सत्तेचे चक्र कोठेतरी थांबले पाहिजे, ही गोष्ट आपल्या सर्व परंपरांनी सांगितली आहे, आणि प्रत्येकीने ती आपापल्या कथेत सांगितली आहे.

गौतमाच्या जन्मसमयी भविष्य वर्तविण्यात आले की हा बालक एक तर चक्रवर्ती होईल, नाही तर बुद्ध होईल. त्याने राजचक्र सोडले, आणि वाराणसीनजीक सारनाथ येथे पाच शिष्यांना जो पहिला उपदेश केला, त्यास धर्मचक्रप्रवर्तन हे नाव मिळाले. भरहूत व सांची येथील प्राचीन शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाही. जेथे त्याचा उपदेश दाखवावयाचा तेथे चक्र कोरलेले आहे. सुमारे दोनशे वर्षांनी सम्राट अशोकाने कलिंग जिंकला. एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख देशोधडीला लागली, हे त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरवून ठेविले आहे, आणि धर्माने मिळविलेला विजय हाच खरा विजय असे तेथे म्हटले आहे. ठाण्यानजीक सोपारा येथे १८८२ साली त्याच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेस निघत, आपण धर्मयात्रेस निघतो, असा त्या लेखाचा आशय आहे. म्हणजे राजाचा रथ तोच, चाकेही तीच. वाट मात्र बदलली.

जैन परंपरेतील कथा याहूनही बोलकी आहे. ऋषभदेवांचा पुत्र भरत दिग्विजय करून परतला, तेव्हा त्याचे चक्ररत्न अयोध्येच्या वेशीशीच थबकले. कारण भाऊ अद्याप शरण आले नव्हते. बाहुबलीशी दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्ध झाले. तिन्हींत भरत हरला, आणि क्रोधाच्या भरात त्याने सख्ख्या भावावर चक्र सोडले. त्या चक्राने बाहुबलीस इजा केली नाही. त्यास प्रदक्षिणा घालून ते स्वस्थ राहिले. जिंकलेल्या बाहुबलीने राज्य टाकून तपश्चर्या पत्करली. श्रवणबेळगोळ येथील सत्तावन्न फूट उंचीची मूर्ती त्याचीच होय. तिच्या पायाशी मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे, हे मराठी भाषकांनी विसरू नये.

आता आपल्या सुदर्शनाकडे वळू. भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीष राजाची कथा घरोघरी ठाऊक आहे. द्वादशीच्या पारण्यावरून कोपलेल्या दुर्वासाने राजावर कृत्या सोडली. सुदर्शनाने ती जाळली व ते ऋषीच्या पाठीस लागले. दुर्वास ब्रह्मदेवाकडे गेला, शंकराकडे गेला, अखेर प्रत्यक्ष विष्णूकडे गेला. पण कोणी त्यास अभय देऊ शकले नाही. विष्णूने त्यास अंबरीषाकडेच पाठविले. ज्याचा प्राण घ्यावयास ऋषी उठला होता, त्या राजाने हात जोडून ऋषीसाठी प्रार्थना केली, तेव्हाच चक्र शांत झाले. देवाच्या हातातील शस्त्रसुद्धा क्षमेपुढे थांबते, हे या कथेचे मर्म आहे. लहानपणी आम्ही ही कथा चमत्कार म्हणून ऐकली. तिचा हा अर्थ आम्हांस आता कळला.

राहिला ध्वज. १९०४-०५ च्या उत्खननात सारनाथ येथे अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष मिळाले. चार सिंहांच्या खालच्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा व सिंह असून त्यांच्यामध्ये चोवीस आऱ्यांची चक्रे आहेत. सिंहांच्याही वर एक मोठे चक्र होते. त्याचे तुकडे तेथेच सापडले. सिंह म्हणजे सामर्थ्य. त्या सामर्थ्याने धर्म मस्तकी धरावा, असा अर्थ आम्हांस त्यात दिसतो. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वज स्वीकारला. त्यापूर्वीच्या काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. परंतु संपूर्ण चरखा ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही. म्हणून त्याचे चाक तेवढे ठेवले, आणि त्यास अशोकाच्या चक्राचे रूप दिले. सूत काढणाऱ्या गरिबाचे चाक व सम्राटाचे धर्मचक्र असे एकाच ठिकाणी आले.

तर मग त्या दोन मुलांस उत्तर काय द्यावे? ध्वजावरील चक्र अशोकाच्या स्तंभावरून घेतले आहे, म्हणून दुसऱ्या मुलाचे म्हणणे इतिहासास धरून आहे. पहिल्याचे म्हणणे जसेच्या तसे खरे नाही, हे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे. त्यात आपल्या देवास काही उणेपणा येत नाही. परंतु 'ते त्यांचे, आपले नव्हे' हेही तितकेच चूक. एकाच भूमीतील माणसांनी एकाच चाकाकडे पाहून तेच सत्य निरनिराळ्या शब्दांत सांगितले. वारसा सांगावयाचा असेल तर तो चक्राच्या मालकीचा सांगू नये, त्याच्या अर्थाचा सांगावा.

पुरीच्या रथयात्रेत जगन्नाथाच्या रथास सोळा, बलभद्राच्या रथास चौदा व सुभद्रेच्या रथास बारा चाके असतात. रथ हलण्यापूर्वी तेथील गजपती राजा स्वतः सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथाची सेवा करतो. राजाने झाडू हाती धरल्यावाचून देवाचे चाक पुढे जात नाही, असेच म्हणावयाचे.

आमचे वडील दरवर्षी रथाच्या चाकांस हळदकुंकू वाहण्याआधी सुताराकडून तुंबा व आस तपासून घेतात आणि वंगण घालवितात. त्याचे कारण विचारता ते म्हणाले, "फुले धावेवर शोभतात, पण रथ चालतो तो तुंब्यावर." आपल्या समाजाच्या रथाचा तुंबा परस्परांविषयीचा आदर हाच आहे. येत्या उत्सवात दोराला हात लावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलांस एवढे अवश्य सांगावे.