जुन्या कॅमेऱ्याचा मीटर: विकण्याआधी हे बघा

व्हिडिओत सेलचा भाग घाईत उरकला, म्हणून इथे लिहितोय.

याशिका मॅट १२४जी हातात आला आणि काटा हलत नसला, की लगेच 'मीटर डेड' म्हणू नका. आधी वरचं हूड उघडा, त्याशिवाय मीटर चालूच होत नाही. (मीही फसलोय.) सेलच्या जागी हिरवट थर असेल तर इअरबडला व्हिनेगर लावून पुसा, सुकू द्या.

खरी मेख पुढे आहे. हा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलाय. त्याजागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन टाकला की काटा हलतो, पण प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मी असाच एक 'मीटर ओके' सांगून विकला. गिऱ्हाइकाच्या रोलचे बाराही फोटो काळपट! पैसे परत दिले, रोलचेसुद्धा.

आता मी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल वापरतो, साधारण १.४ व्होल्टचा. स्टिकर काढून पाच मिनिटं हवा लागू द्यायची, सैल बसला तर भोवती रबरी रिंग.

मग एकाच भिंतीवर मोबाइलच्या मीटर अ‍ॅपशी ताडून बघा, उन्हात आणि सावलीतही. फरक दोन्हीकडे सारखा आला तर तो चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याला बांधा. वेगवेगळा आला तर 'मीटर भरवशाचा नाही' लिहा आणि किंमत त्या हिशोबाने लावा.