चित्रातला सोबती : बालवाडीसाठी एक अभ्यासपाठ



पालघर जिल्ह्यातील आमच्या बालवाडीत वारली, कोकणा आणि कातकरी अशा तिन्ही समाजांची मुले येतात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर बाकीच्या मुलांच्या जोड्या जमलेल्या असतात. परत आलेले मूल दाराशी बसते. कोणी सरकून जागा देत नाही. “मिळूनमिसळून राहा” हे चार वर्षांच्या मुलाला नुसते सांगून कळत नाही, दाखवावे लागते. त्यासाठी मी चित्रपुस्तके वापरते.

दूरच्या मुलाची गोष्ट

एझरा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ हे पुस्तक १९६२ साली अमेरिकेत निघाले. पुढच्याच वर्षी त्यातील चित्रांना कॅल्डेकॉट पदक मिळाले. नायक पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा. मजकुरात त्याच्या रंगाचा उल्लेख कुठेच नाही. तो फक्त चित्रात दिसतो. आमच्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही, पण ओंजळीत विरघळणाऱ्या गारा पाहिल्या आहेत. त्यामुळे पीटरच्या खिशातला बर्फाचा गोळा कुठे गेला, हे त्यांना लगेच कळते.

एका पानावर मोठी मुले बर्फाचे गोळे फेकत खेळतात आणि पीटर लहान म्हणून बाहेरच राहतो. इथे मी थांबते आणि विचारते, “याला काय वाटत असेल?” शेवटच्या पानावर तो शेजारच्या मित्राला घेऊन बर्फात निघतो, तेव्हा मुले आपणहून सांगतात, “आता दोघे आहेत.”

आपल्या मातीतली चित्रे

दुसरे पुस्तक भज्जू श्याम यांचे ‘द लंडन जंगल बुक’ (२००४). मध्य प्रदेशातील पाटणगढचे हे गोंड चित्रकार लंडनला एका हॉटेलाच्या भिंती रंगवायला गेले होते. तिथले प्रसिद्ध घड्याळ त्यांनी कोंबड्याच्या रूपात काढले, कारण दोघेही वेळ सांगतात. रोज कामावर नेणारी बस त्यांना इमानी कुत्र्यासारखी वाटली. परक्या गावात सोबती कसा शोधावा, हे एका आदिवासी माणसाने जगाला दाखवले. आमची मुले हे पुस्तक छातीशी धरून बसतात.

वारली चित्र तर घरचेच. त्यातल्या माणसांच्या चेहऱ्यावर सहसा डोळे-ओठ नसतात. हसू दाखवायला जागाच नाही, म्हणून प्रेम दिसते ते हातांतून. तारप्याच्या नाचात एकमेकांत गुंफलेले हात पाहा. कोण कोणाचा, हे तिथे सांगावे लागत नाही.

पाठ कसा घ्यावा

१. आधी चित्र, मग शब्द. पान उघडून गप्प राहा. मुलांना बोलू द्या, त्यांच्या बोलीत.

२. तीनच प्रश्न विचारा : कोण कोणाजवळ आहे? एकटे कोण आहे? त्याला जवळ कोण घेईल?

३. दोघांत एक कागद द्या. जोड्या ताईंनी लावाव्यात, म्हणजे कोणी सुटणार नाही.

गेल्या पावसाळ्यात एका कातकरी मुलीने अशा कागदावर विटांच्या रांगा आणि त्यांच्या कडेला झोपलेली तिची भावंडे काढली. जोडीदारीण विचारू लागली, “रात्री थंडी वाजते का? विटा मोजता येतात का?” ज्या मुलीला कोणी काही विचारत नव्हते, तिच्याकडे सांगण्यासारखे होते. एका पाठाने सगळे बदलत नाही. दाराशी बसणारी मुले आजही आहेत. पण ती मुलगी आता मधल्या रांगेत बसते.

पुस्तक निवडताना एक जपावे. ज्यात आदिवासी मूल केवळ दयेला पात्र म्हणून येते, किंवा चांगले मूल नेहमी गोरेच असते, ते बाजूला ठेवावे. तुम्ही आम्हाला पुस्तके पाठवता, तेव्हाही एवढे पाहावे ही विनंती.

मंडळीत विचारासाठी

• आपल्या संडे स्कूलच्या चित्रांत आपल्या मुलांसारखे दिसणारे मूल किती वेळा आढळते?

• चांगल्या शोमरोनीच्या दाखल्याचे चित्र दाखवून वरील तीन प्रश्न विचारले, तर मुले काय उत्तर देतील?

• आपल्या बाकावर, आपल्या शेजारी, या महिन्यात नवे कोण बसले?