पाण्याचा न्याय्य वाटा : नायगावचा धडा आणि बारामती-इंदापूर

पुणे जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना कसा आटत जातो, हे सहज ध्यानात येते. बारामती आणि इंदापूर हे तालुके या पर्जन्यछायेत वसलेले आहेत. वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर, आणि तोही लहरी, एवढाच पाऊस त्यांच्या वाट्याला येतो. तथापि या तालुक्यांचे चित्र एकसारखे नाही. १८८५ च्या सुमारास वाहू लागलेल्या नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला उसाचे मळे आणि सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथील साखर कारखाने उभे राहिले. वरच्या अंगाला मात्र सुपे, मोरगाव, लोणी भापकर या परिसरातील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसत आला. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाखाली इंदापूर तालुक्यातील अनेक गावांच्या जमिनी गेल्या. त्याच तालुक्यातील काही गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एकाच तालुक्यात एकाच वेळी सुबत्ता आणि टंचाई नांदावी, हा केवळ निसर्गाचा खेळ नव्हे. तो वाटपाचाही प्रश्न आहे.

बदलते हवामान, जुनी विषमता

हवामानबदलाने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला; त्यांत बारामती, इंदापूर व पुरंदर हे तिन्ही तालुके होते. पुढे दोन वर्षेही लोटली नाहीत तोच मे २०२५ च्या अखेरीस याच भागात अतिवृष्टी झाली आणि नीरा डावा कालवा बारामतीनजीक फुटला. अवर्षण आणि अतिवृष्टी ही आता एकाच संकटाची दोन रूपे झाली आहेत. वातावरण तापविण्यात शेतमजूर, मेंढपाळ किंवा कोरडवाहू शेतकरी यांचा हातभार नगण्य असतो. झळ मात्र प्रथम त्यांनाच लागते. विहीर आटली की मोठा बागाईतदार खोल विंधनविहीर घेऊ शकतो. भूमिहीनाच्या घरची स्त्री हंडा घेऊन दूरवर चालू लागते. यालाच हवामानविषयक न्यायाचा प्रश्न असे म्हणतात.

नायगावचा प्रयोग

या प्रश्नाला शेजारच्याच पुरंदर तालुक्यात एक मौलिक उत्तर शोधले गेले. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधील दुष्काळी कामांवरील मजुरांची दैना पाहिली. हजारो हात खडी फोडीत होते. पाणी अडविण्याच्या कामी मात्र ते लागत नव्हते. साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन खंडाने घेतली. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहीर आणि उपसा असा क्रम लावून त्यांनी ती ओलिताखाली आणली. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि ‘पाणी पंचायत’ ही चळवळ आकारास आली.

पाणी पंचायतीचे नियम पंचायत सदस्यांनी मुद्दाम अभ्यासावेत असे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर माणशी ठरतो. दर माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला कमाल अडीच एकर भिजेल एवढेच पाणी मिळते. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क असतो. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जात नाही. ऊस, केळी यांसारखी जादा पाणी पिणारी पिके वर्ज्य असतात. खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनी उचलावयाचा असतो. दैनंदिन वाटप गटाने नेमलेला पाटकरी करतो.

उदाहरणादाखल, पाच माणसांच्या कुटुंबाकडे २० एकर जमीन असली, तरी त्यास अडीच एकरांचेच पाणी मिळेल. चार माणसांच्या भूमिहीन कुटुंबास दोन एकरांचे पाणी मिळेल आणि ते दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकेल. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याच्या हाती पाणी आले की तो बोलणी करू शकतो, हे या रचनेचे मर्म होय.

मर्यादा आणि बोध

या प्रयोगाच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. ही चळवळ प्रामुख्याने लहान उपसा योजनांपुरती राहिली. मोठ्या कालव्यांवर पाण्याचा हक्क आजही क्षेत्राशीच निगडित आहे. वास्तविक नीरा कालव्यावरच विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी फड पाडून पाणी अधिक गावांत पोहोचविण्याची पद्धत सुरू केली होती. म्हणजे वाटपाचा विचार या भागाला नवा नाही. २०२१ साली उजनीचे पाणी इंदापूरला देण्याच्या निर्णयास सोलापूर जिल्ह्यातून तीव्र विरोध झाला व तो मागे घ्यावा लागला. नवे पाणी आणावयाचे तर ते कोणाच्या तरी ओंजळीतून येते. म्हणून आहे त्या पाण्याचा हिशेब प्रथम गावातच मांडावयास हवा.

गावाने काय करावे?

हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडते. एक हजार हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस झाल्यास ५० लाख घनमीटर पाणी पडले. त्यातील बरेच वाफेवाटे आणि ओढ्यावाटे जाते. उरलेले विहिरींच्या पातळीवरून कळते. शाळेत पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांनी रोजची नोंद फळ्यावर लिहावी. पावसाळा संपताच निवडक विहिरींची पातळी मोजावी. मग ग्रामसभेत पिण्याचे पाणी, गुरांचे पाणी आणि शेवटी पिके, या क्रमाने वाटणी ठरवावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने असा पाण्याचा ताळेबंद मांडून पीकपद्धती ठरविण्याची प्रथा पाडली आहे. सिंचनव्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागासाठी २००५ चा आणि भूजलासाठी २००९ चा कायदाही आपल्या हाताशी आहे.

मात्र या सभेत भूमिहीन, मेंढपाळ आणि स्त्रिया उपस्थित नसतील, तर ताळेबंद कागदावरच बरोबर येईल. अधिकाऱ्यांनी त्यांना आवर्जून बोलवावे, शिक्षकांनी आकडे समजावून द्यावेत आणि पंचायत सदस्यांनी त्यांचे म्हणणे ठरावात नोंदवावे. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही; पडलेले पाणी कोणाच्या शेतात आणि कोणाच्या हंड्यात जावे, हे मात्र गावाच्या हाती आहे.