प्रतिकृती म्हणजे बनावट चित्र नव्हे

प्रश्न : दिवाणखान्यात एडवर्ड मुंक यांच्या 'द स्क्रीम'ची किंवा सूझांच्या चित्राची हाताने रंगवलेली प्रतिकृती लावायची आहे. अशी नक्कल बेकायदा असते, असं भाऊजी म्हणतात. खरं आहे का?
– एक वाचक, राजापेठ, अमरावती

उत्तर : निश्चिंत राहा. प्रतिकृती म्हणून सांगून विकलेलं चित्र बनावट ठरत नाही. मूळ म्हणून खपवलं तर फसवणूक. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. मुंक 1944 साली गेले, तेव्हा तिथे अडचण नाही. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा मात्र 2002 साली गेले. त्यांच्या चित्रासाठी हक्कधारकांची परवानगी हवी.

घेताना भिंगातून पाहा. बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई. मग बॅटरीचा उजेड तिरपा टाका. छापील चित्रावर पारदर्शक जेल फिरवलं असेल, तर उंचवटे एकीकडे आणि रेषा भलतीकडे जातात.

गावातल्या चित्रकाराकडून करून घेणं उत्तम. मागे त्याची सही आणि 'प्रतिकृती' हा शब्द लिहून घ्या. जाड तैलरंग पुरता वाळायला काही महिने लागतात. उन्हाळ्यात तापणारी पश्चिमेची भिंत आणि कूलरचा ओलावा, दोन्ही टाळा. चित्र वर्षानुवर्षं टिकेल.